तोरवांना लढायचं कशासाठी? एका काल्पनिक अरण्यवासी योद्धा जमातीचं प्रकरण

एका कादंबरीच्या पहिल्या मसुद्यातले तोरव असे होते: साडेसहा फूट उंची, हिरवट कातडी, अंधारात चमकणारे डोळे, कमरेला पोलादी तलवार. विषुववृत्तावरच्या बारमाही ओल्या अरण्यात राहणारे, एक दाणाही न पेरणारे, फक्त शिकारीवर जगणारे. लोकसंख्या चार लाख. त्यांचे सरदार मोठ्या पक्ष्यांवर बसून उडत. ज्याच्या नावावर जास्त मुडदे, त्याला जास्त बायका आणि जास्त मुलं. कादंबरीतलं जग काल्पनिक असलं तरी तोरव माणसंच होती. मुख्य भूमीपासून तीसेक हजार वर्षांपूर्वी तुटलेली मानवाची एक शाखा, असं लेखिकेनं पहिल्याच प्रकरणात स्वच्छ लिहून टाकलं होतं. त्यामुळे ‘परग्रहावर काहीही चालतं’ ही पळवाट तिनं स्वतःच बुजवली होती.

माझ्याकडे संहिता आली ती जीवशास्त्राच्या बाजूनं वाचायला. तिची तक्रार मात्र वेगळीच होती. “सर, चुका तुम्ही काढालच. पण ही माणसं खरी का वाटत नाहीत, ते मला हवंय. लढतात, मरतात, पण काही पणाला लागलंय असं वाटतच नाही.”

उडते पक्षी मी एका ओळीत खोडले. आज उडू शकणारे सगळ्यांत जड पक्षी वीस किलोच्या आसपास येऊन थांबतात, आणि ज्यांना स्वतःचंच वजन हवेत नेताना नाकी नऊ येतात ते हत्यारबंद सरदार उचलणार नाहीत. रात्री चमकणारे डोळेही तसेच गेले. मांजराच्या डोळ्यात पडद्यामागे उजेड परतवणारा जो थर असतो, तो आपल्या वानरकुळात नाही. दक्षिण अमेरिकेतल्या निशाचर माकडानंही तो नव्यानं कमावला नाही, फक्त डोळे मोठे केले. बाकीच्या गोष्टी इतक्या झटपट सुटणाऱ्या नव्हत्या.

आधी पोट

कादंबरीच्या नकाशावर तोरवांचं अरण्य दोनशे किलोमीटर लांब आणि एकशेवीस रुंद होतं, म्हणजे २४,००० चौरस किलोमीटर. त्यात चार लाख माणसं बसवली की दर चौरस किलोमीटरला सोळा-सतरा होतात. वर्षावनात शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या खऱ्या माणसांची घनता बहुतेक ठिकाणी एकाच्याही खाली असते. चार चौरस किलोमीटरला एक माणूस धरला तर अख्ख्या अरण्यात सहा हजार तोरव. चार लाखांचं सैन्य तिथंच विरघळलं.

लेखिकेला हे पटेना. एवढं हिरवंगार रान, आणि खायला नाही? वर्षावनाचा फसवेपणा नेमका इथं असतो. तिथला बहुतेक जीवभार लाकडात आणि पानांत अडकलेला असतो. लाकूड माणसाला पचत नाही आणि पानं कडू द्रव्यांनी भरलेली. फळं असतात ती तीस-चाळीस मीटर उंचीवर, विखुरलेली, आणि त्यांच्यावर माकडं, वटवाघळं, पक्षी यांचा आधीच दावा. मोठ्या खुरांचे कळप गवताळ प्रदेशात असतात. दाट रानात शिकार म्हणजे बरीचशी लहान, एकांडी, झाडावरची आणि चरबी कमी असलेली. नुसत्या मांसावर माणूस जगत नाही, हा मुद्दा तर योद्ध्यांच्या गोष्टी लिहिणारे हमखास विसरतात. एकूण उष्मांकांच्या साधारण तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग प्रथिनांतून यायला लागला की यकृत नायट्रोजनची विल्हेवाट लावायला कमी पडतं. मळमळ, जुलाब, अशक्तपणा, आणि भरल्या पोटी उपासमार. ज्याला चरबी मिळत नाही त्याला पिष्ट लागतंच.

मानवशास्त्रात यावरून एक जुना वाद आहे. शेतकरी शेजाऱ्यांकडून धान्य न घेता माणूस वर्षावनात स्वतंत्रपणे जगू शकेल का, हा प्रश्न थॉमस हेडलँड यांनी १९८७ मध्ये रानटी कंदांच्या निमित्तानं विचारला. रॉबर्ट बेली आणि सहकाऱ्यांनी दोन वर्षांनी तो आणखी ताणून धरला. पुढे त्याचं उत्तर बरंचसं ‘हो’ असं आलं. श्रीलंकेतल्या फाहिएन लेना गुहेत सुमारे ४५,००० वर्षांपूर्वीची माणसं माकडं आणि मोठ्या खारी मारून खात होती, आणि हाडाची बाणाग्रंही तिथं सापडली आहेत. माणूस अरण्यात जगू शकतो, फक्त विरळ जगतो. आणि विरळ जगणाऱ्यांना लढण्यापेक्षा निघून जाणं स्वस्त पडतं. मलेशियाच्या अरण्यातले बातेक आणि सेमाई यासाठीच प्रसिद्ध आहेत: संकट आलं की सरळ रानात नाहीसं व्हायचं.

मसुद्याचं खरं दुखणं मला इथं सापडलं. लेखिकेनं तोरवांना शौर्य दिलं होतं, हत्यारं दिली होती, पण राखण्याजोगं काही दिलं नव्हतं. ज्याच्याजवळ उचलून नेता येत नाही असं काही नाही, तो पाय रोवून का उभा राहील? जगभरात अरण्यात राहणाऱ्या लढाऊ जमाती पाहिल्या, मग त्या ॲमेझॉनच्या असोत की बोर्निओच्या, तर त्यातल्या बहुतेक बागायत करणाऱ्या आहेत. कसावा, केळी, डोंगरउतारावरचा भात, असं काहीतरी जमिनीत गुंतलेलं आहे.

मी सुचवलं, तोरवांना फिरती शेती द्या. तिला ते चालणार नव्हतं. ‘ते काही पेरत नाहीत’ हे परक्यांच्या तोंडचं वाक्य कथानकाचा खिळा होतं. त्याच्या आधारानं परके त्यांची जमीन ‘मोकळी’ ठरवून घेणार होते. तेव्हा न पेरता मिळणारं, पण एका जागी खिळलेलं अन्न शोधणं भाग पडलं.

ताडाचं झाड

न्यू गिनीच्या दलदलीत सागो नावाचा ताड होतो. तो दहा-पंधरा वर्षं वाढतो आणि त्या काळात खोडात पिष्ट साठवत राहतो. मग एकदाच, शेंड्यावर, प्रचंड मोठा फुलोरा येतो. ते पिष्ट फुलाफळांत खर्च होतं आणि खोड मरतं. बुंध्याशी आलेले धुमारे पुढची पिढी होतात. माणसानं झाड पाडायचं ते फुलोरा उमलायच्या ऐन आधी. मग खोड फोडायचं, गाभा कुटायचा, पाण्यात धुऊन गाळायचा. खाली बसतं ते सत्त्व. चांगल्या झाडाचे दीडदोनशे किलो, कधी त्याहूनही जास्त निघतात. ओलं सत्त्व पानांत बांधून ठेवलं तर काही आठवडे ते महिने टिकतं.

याच न्यू गिनीच्या दक्षिण किनाऱ्यावरचे अस्मत लोक परंपरेनं सागो आणि मासळीवर जगत, शेती जवळजवळ करत नसत, तरी शेकडो वस्तीची गावं करून राहत. ते शिरं कापून आणणारे नामांकित लढवय्येही होते. न पेरणारे, तरीही लढणारे: आम्हाला हवी होती ती जोडी प्रत्यक्षात अस्तित्वात होती. लेखिकेला मी एवढंच बजावलं की अस्मतांचं नाव बदलून तोरव म्हणून छापायचं नाही. जिवंत माणसांचे देव आणि मृतांचे विधी उचलून आपल्या राक्षसांना चढवायचे, ही खोड या प्रकारच्या लेखनाला फार जुनी लागलेली आहे. झाडाचं जीवशास्त्र घ्या. ते कुणाच्या मालकीचं नाही. संस्कृती त्यातून स्वतः उगवू द्या.

मग आम्ही हिशेबाला बसलो. एक किलो कोरडं पिष्ट म्हणजे साधारण ३,५०० उष्मांक. दोनशे किलोचं झाड सात लाखांचं झालं. माणशी रोज दोन हजार धरले तर एक झाड म्हणजे एका माणसाचं जवळजवळ वर्षाचं पोट. तीनशे वस्तीचं गाव तीन चतुर्थांश पोट सागोवर भरत असेल तर वर्षाला सव्वादोनशे झाडं पाडणार. झाड तयार व्हायला बारा वर्षं, म्हणजे निरनिराळ्या वयाची २,७०० खोडं कायम उभी हवीत. एवढं बन उचलून दुसरीकडे नेता येत नाही. गाव आपोआप त्याच्याजवळ खिळतं, आणि बन कुणाचं हा प्रश्नही आपोआप उभा राहतो. आता तोरवांना लढायला कारण होतं.

एकूण चाळीस गावं आणि बारा हजार माणसं असा आकडा लेखिकेनं ठरवला. चार लाखांवरून बारा हजारांवर येताना तिला वाईट वाटलं. पण दुसऱ्या दिवशी तिनं जे लिहून पाठवलं ते माझ्या सगळ्या टिपणांपेक्षा मोलाचं होतं.

फुललेला ताड म्हणजे वाया गेलेलं अन्न. कुणीही शहाणा मालक झाड फुलू देत नाही. म्हणजे बनात फुलोरे दिसू लागले तर अर्थ एकच: मालक मेले, आजारी पडले, किंवा पळाले. फुलोरा शेंड्यावर, सगळ्या झावळ्यांच्या वर उघडतो. समोरच्या काठावरच्या उंच झाडावरून तो दिसतो. तेव्हा तोरवांचे हेर माणसं मोजत नाहीत, फुलं मोजतात. ज्या गावाच्या बनात पाच फुलोरे, ते गाव दुबळं. आणि याच्याच उलट बाजूनं, लढाईत पडलेल्या प्रत्येक माणसामागे त्याचं घर एक झाड मुद्दाम फुलू देतं. एका माणसाचं वर्षाचं अन्न जाणूनबुजून सोडून द्यायचं, हे तोरवांचं सुतक. म्हणजे शोक पाळला की शत्रूला आपली नुकसानी कळते, आणि नाही पाळला तर मेलेला माणूस घराचा नव्हताच असं ठरतं. मसुद्यात ज्याची कमतरता होती ते ‘पणाला लागणं’ इथं आलं. एकही तलवार न उपसता.

आहाराची एक बाजू राहिली होती. सागोत प्रथिनं जवळजवळ नसतातच. ती कसर मासे, खेकडे, रानडुक्कर भरून काढतात. आणि चरबीसाठी पाडलेल्या खोडात वाढणाऱ्या भुंग्याच्या गुबगुबीत अळ्या. म्हणून नदीचा किनाराही बनाइतकाच भांडणाचा. हे एका परिच्छेदात निभावलं.

हिरवी कातडी आणि बाकीचं अंग

हिरव्या कातडीवर लेखिकेचा जीव होता. तिची कल्पना अशी की तोरव थोडंफार ऊन ‘खातात’. मी गणित मांडलं. माणसाचं शरीर दिवसभराच्या सरासरीनं शंभरेक वॉट खर्च करतं. उष्ण कटिबंधात झाडोऱ्याच्या माथ्यावर रात्रंदिवसाची सरासरी धरून दर चौरस मीटरला दोनशे वॉटच्या आसपास ऊन मिळतं. दाट रानात जमिनीपर्यंत त्यातलं दोनेक टक्केच पोचतं. चार वॉट. वनस्पती त्यातला एखादा टक्का साठवतात. चौरस मीटरभर हिरवी कातडी दिवसाला गरजेचा अडीच हजारावा हिस्सा भागवेल. एवढ्यासाठी उत्क्रांती अंगात हरितद्रव्य वागवणार नाही. सस्तन प्राण्यांत हिरवा रंगही कुणी स्वतः तयार करत नाही; स्लॉथ हिरवट दिसतो तो केसांत वाढणाऱ्या शेवाळामुळे. न्यू गिनीत मात्र हिरव्या रक्ताचे सरडे आहेत. पित्तातलं बिलिव्हर्डिन त्यांच्या रक्तात इतकं साठलेलं असतं की तेवढ्यानं माणूस दगावेल. हे ऐकून लेखिकेच्या डोळ्यांत चमक आली, आणि ती विझवायला मला थोडे कष्ट पडले. शेवटी हिरवा रंग कातडीवरून हटून अंगाला फासायच्या शेवाळाच्या लेपात गेला. तो धुता येतो, बदलता येतो, शत्रूला चोरता येतो. कथेच्या दृष्टीनं फायद्याचाच सौदा.

उंचीचा प्रश्न जास्त रंजक निघाला. मध्य आफ्रिकेच्या अरण्यातले एफे, आका, बाका, फिलिपिन्समधले आग्टा यांच्यात प्रौढ पुरुषांची सरासरी उंची १५५ सेंटिमीटरच्या खाली राहते. कारणांबद्दल एकमत नाही. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून कमी उष्णता तयार करणारं लहान शरीर बरं, हे एक मत. गुंतलेल्या झाडोऱ्यातून लहान अंग सहज सरकतं, हे दुसरं. अन्न कमी, हे तिसरं. चौथं मत मला स्वतःला सगळ्यांत विचार करायला लावणारं वाटतं: जिथं मृत्यू लवकर गाठतो तिथं वाढ लवकर थांबवून मुलं लवकर होणं फायद्याचं ठरतं, आणि ठेंगणेपणा हा त्याचा केवळ दुष्परिणाम. आफ्रिकेतल्याच पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या गटांत उंचीशी संबंधित जनुकीय खुणा वेगवेगळ्या सापडतात, म्हणजे ही गोष्ट एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे घडलेली दिसते. तोरव बराच प्रवास होडीनं करतात आणि त्यांचं पिष्ट भरवशाचं आहे, म्हणून आम्ही फार खाली गेलो नाही. पुरुष १५८, बायका १४८. साडेसहा फुटी योद्ध्याचं मुखपृष्ठ आधीच काढून झालं होतं, हा निराळा ताप.

पण माझ्या मते शरीररचनेतला सगळ्यांत मोठा लाभ घोट्यात होता. युगांडातले त्वा लोक मधासाठी झाडावर चढतात ते जवळजवळ चालत. पाऊल नडगीकडे इतकं दुमडतात की शहरी माणसाचा घोटा तिथं मोडेल. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चढणाऱ्या त्वा पुरुषांच्या पोटरीच्या स्नायूतले तंतू शेजारच्या शेतकऱ्यांपेक्षा लांब आढळले, आग्टांतही तसंच. हाडं मात्र वेगळी नव्हती. याचा सरळ अर्थ, हा बदल बराचसा सवयीचा, लहानपणापासून चढत आल्यानं घडणारा. आता मसुद्यात एक मुलगा होता, चौथ्या वर्षी ओलीस गेलेला आणि सोळाव्या वर्षी परत आलेला. लेखिकेनं त्याला बोली विसरायला लावली होती, जे सगळेच करतात. नव्या मसुद्यात तो बोली दोन महिन्यांत उचलतो, पण फुलोरे मोजायला झाडावर चढू शकत नाही. त्याचे घोटेच तोरव नाहीत. त्याच्या आईला ते पहिल्या दिवशी, त्याच्या बसण्यावरून कळतं.

ऐकणं आणि संदेश याबद्दल थोडक्यात. दाट रानात नजर वीस-तीस मीटरवर अडते, आणि पानं उंच पट्टीचा आवाज विखरून टाकतात. खर्जातला दूर जातो. ॲमेझॉनमधले बोरा लोक पोखरलेल्या ओंडक्यांच्या जोडनगाऱ्यावर भाषेचे चढउतार आणि लय वाजवून वीसेक किलोमीटरवर निरोप पोचवतात. तिथल्याच पिराहा लोकांत शिकारीच्या वेळी शीळ घालून बोलतात. मसुद्यातल्या रणगर्जना त्यामुळे गेल्या. ओरडणारा योद्धा रानात फक्त आपली जागा सांगतो.

रक्तातली किंमत

दलदल, स्थिर वस्ती, शेकडो माणसं एकत्र: मलेरियाला याहून काय हवं? पहिल्या मसुद्यात रोग नव्हताच. न्यू गिनीच्या किनारपट्टीवर आणि आग्नेय आशियात तांबड्या पेशी अंडाकृती करणारा एक बदल आढळतो. एका प्रथिनाच्या जनुकातली सत्तावीस अक्षरं गळालेली असतात. ज्याला एकाच पालकाकडून तो मिळतो, त्याला मेंदूच्या मलेरियापासून चांगलं संरक्षण मिळतं. दोघांकडून मिळाला तर बहुतेक गर्भ जन्माआधीच दगावतात.

हे वाचताच लेखिकेनं तोरवांसाठी एक विवाहनियम लिहिला: ‘लांबट रक्ताच्या’ दोन कुळांत सोयरीक नाही, कारण पूर्वजांनी गर्भपात मोजून कारण ओळखलं. मी अडवलं. समजा दर पाच माणसांत एक वाहक आहे. दोघंही वाहक अशी जोडपी शंभरात चार. त्यांची चौथाई गरोदरपणं वाया जाणार, म्हणजे एकूण शंभरात एक. तीनशेच्या गावात वर्षाला बारा मुलं होत असतील, तर आठ वर्षांतून एकदा एक जादा गर्भ पडेल, आणि तोही अशा समाजात जिथं ताप, कुपोषण यांनी गर्भ एरवीही पडतच असतात. हे कुणाच्याही लक्षात येणार नाही. रूढींमागे गुप्त विज्ञान शोधण्याचा आपल्याला सोस असतो, तो आवरावा. कुळाबाहेर लग्न करण्याचा नियम तोरवांत राहिला, पण कारण निखळ राजकीय: दुसऱ्या गावात मेहुणा असला की त्याच्या बनातून वाट मिळते. जनुकाचा फायदा झाला तर झाला, तोरवांना त्याचा पत्ता नाही. वाचकाला मात्र आहे, कारण एक जोडपं आहे ज्याचे गर्भ पुनःपुन्हा पडतात आणि गाव त्याचा दोष शत्रूच्या करणीवर ढकलून मोहीम काढतं.

मारणारे आणि मुलं

ज्याचे मुडदे जास्त त्याची मुलं जास्त, हे सूत्र लेखिकेनं कुठून उचललं ते मला माहीत होतं. मानवशास्त्रज्ञ नेपोलियन शॅग्नॉन यांनी १९८८ मध्ये ॲमेझॉनच्या अरण्यातल्या यानोमामी लोकांबद्दल लिहिलं की पंचविशी ओलांडलेल्या पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्के कुठल्या ना कुठल्या हत्येत सामील होते, आणि अशांना इतरांपेक्षा दुपटीहून अधिक बायका आणि तिपटीच्या आसपास मुलं होती. या आकड्यांवर टीकेचा पाऊस पडला. मारणारे सरासरीनं वयानं मोठे असणार, मग मुलं जास्त असणारच. आणि जे स्वतः मारले गेले ते मोजणीत आलेच नाहीत. इक्वाडोरचे वाओरानी तर यानोमामींहून रक्तरंजित होते. मागच्या काही पिढ्यांतले चाळीस टक्क्यांहून अधिक मृत्यू हिंसक. तिथं २००९ मध्ये स्टीफन बेकरमन आणि सहकाऱ्यांना उलटंच आढळलं: सगळ्यांत आक्रमक पुरुषांना ना बायका जास्त, ना मुलं, आणि त्यांची कमीच मुलं वयात येईपर्यंत जगली. सूड थांबतच नसे, आणि तो घरच्यांवर उतरे.

तोरवांसाठी मी वाओरानींच्या बाजूनं कौल दिला. तीनशेच्या गावात लढण्याच्या वयाचे पासष्ट पुरुष. एका फसलेल्या हल्ल्यात सहा पडले तर दहावा हिस्सा गेला. आई मुलाला दोन-तीन वर्षं पाजते, दोन मुलांत तीन-चार वर्षांचं अंतर पडतं. ही तूट पिढीभर भरून निघत नाही. म्हणून तोरवांचं युद्ध पहाटेच्या दबा धरून केलेल्या हल्ल्यांचं आहे, आणि पहिला माणूस पडला की परत फिरायचं असतं. मोकळ्या मैदानातली महालढाई, जिच्यावर लेखिकेनं चाळीस पानं खर्चली होती, ती गेली. “मग थरार काय उरला?” तिनं विचारलं. उरला तो नायकाच्या काकाचा. त्याच्या नावावर अकरा शिरं, आणि घरात एकही मूल नाही. गाव त्याला घाबरतं, त्याला खायला घालतं, आणि कुणीही आपली मुलगी देत नाही.

बापांबद्दल मी एक गोष्ट तिच्या कानावर घातली. बॅरी ह्यूलेट यांनी मध्य आफ्रिकेतल्या आकांचं निरीक्षण केलं तेव्हा बाप दिवसातला जवळजवळ निम्मा वेळ तान्ह्या मुलाला कडेवर घेऊन किंवा हाताच्या अंतरावर असलेला दिसला. आका लढवय्ये नव्हेत. पण जिथं हल्ला पहाटे घरावर होतो, तिथं बाप रात्री कुठं झोपतो याला फार अर्थ येतो. आणि आग्टा बायका धनुष्यबाण आणि कुत्रे घेऊन डुकरं मारतात, तेव्हा ‘योद्धे’ म्हणजे फक्त पुरुष असं धरायचं कारण नव्हतं. वेचक लढाया आता दोन बहिणी करतात.

राहिली तलवार. गाळाच्या दलदलीत दगडही सापडत नाही, खनिज तर सोडाच. अस्मतांना कुऱ्हाडीचा दगड डोंगराकडून देवघेवीतच मिळवावा लागे. मग हत्यार हाडाचं. न्यू गिनीत खंजीर कॅसोवारी पक्ष्याच्या पायाच्या हाडाचे करत, आणि सेपिक नदीच्या परिसरात माणसाच्या मांडीच्या हाडाचेही. तेही शत्रूच्या नव्हे, बहुधा बापाच्या किंवा नामवंत लढवय्याच्या. २०१८ मध्ये कुणीतरी दोन्ही तपासून पाहिले तर माणसाच्या हाडाचे जास्त भक्कम निघाले, कारण घडवणारे त्याचा वळसा जास्त राखून ठेवत. ज्याच्या मोडण्यानं नुसतं पातं जात नाही ते हत्यार घडवणारा जास्त जपून घडवतो. विषबाणांचं प्रकरण मी तिला सरळ करून दिलं: कुरारे स्नायू सैल पाडतं, म्हणून बाण लागलेलं माकड फांदी घट्ट धरून वरच मरण्याऐवजी खाली पडतं, आणि पोटातून ते शोषलं जात नसल्यानं मांस खाता येतं. ते शिकारीचं औषध. माणसावर तोरव ते वापरत नाहीत. का, याचं कारण लेखिकेनं अजून दिलेलं नाही आणि मला ते तसंच आवडतं.

तिसरा मसुदा

आता अडलंय ते लोखंडापाशी. तिसऱ्या भागात परके कुऱ्हाडी घेऊन नदीच्या मुखाशी येतात. ब्रायन फर्ग्युसन यांचा यानोमामींबद्दलचा दावा असा की त्यांची युद्धं मुळातल्या हिंस्रपणापेक्षा पोलादी हत्यारं कुणाला मिळतात यावरून पेटत. न्यू गिनीच्या डोंगरातल्या सियानेंत पोलाद आलं तेव्हा पुरुषांचं तोडायचं काम झपाट्यानं आटोपू लागलं, बायकांच्या कामाला काही फरक पडला नाही, आणि पुरुषांचा सुटलेला वेळ समारंभ आणि भांडणांत गेला.

तोरवांत ताड पुरुष पाडतात. कुटणं, धुणं, गाळणं बायका करतात. दगडी कुऱ्हाडीनं झाड पाडायलाच इतका वेळ लागे की दोन्ही कामांचा मेळ बसत होता. लोखंडानं एक पुरुष दिवसात तीन झाडं आडवी करेल, आणि पाडलेलं खोड न कुटता ठेवलं तर कुजतं. म्हणजे कुऱ्हाड मिळालेल्या खालच्या अंगाच्या सात गावांना आता झाडं कमी पडत नाहीत, कुटणारे हात कमी पडतात. हल्ले पूर्वी शिरांसाठी होत. लेखिका सध्या जे प्रकरण लिहिते आहे त्यात सातव्या गावचे लोक वरच्या अंगाला जातात, एकही शिर न आणता परत येतात, आणि होड्यांतून नऊ बायका उतरवतात. त्या नऊ जणींत दोन बहिणींपैकी धाकटी आहे, हे तिनं ठरवलंय. थोरली तेव्हा कुठं असते, यावर आमचं अजून पटत नाही.